खाऱ्या मातीतील बीजांकुरण

बहुतेक लवणवनस्पतींचे बी सर्वांत चांगले उगवते ते गोड्या पाण्यात. खाडीकाठचा चिखल, किनाऱ्याची वाळू, कच्छच्या रणाची कड, खाऱ्या सरोवरांचे काठ अशा जागी या वनस्पती वाढतात, फुलतात आणि बी धरतात. पण बी रुजण्याच्या वेळी त्यांनाही मीठ कमीच लागते. पाण्यातील मीठ वाढत गेले की उगवणाऱ्या बियांचे प्रमाण घटते, उगवण लांबते आणि एका मर्यादेपुढे ती थांबते. ही मर्यादा जातीजातीत वेगळी असते आणि गहू-हरभऱ्यासारख्या पिकांच्या तुलनेत बरीच वर असते. तरीही लवणवनस्पतींचे खरे वेगळेपण दिसते ते ही मर्यादा ओलांडल्यानंतर. उगवण थांबली म्हणून त्यांचे बी मरत नाही. ते खाऱ्या मातीत जिवंत पडून राहते आणि पावसाने मीठ धुऊन नेले की उगवते.

खारटपणाचे मोजमाप

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम आणि क्लोराइड या दोन आयनांचा, म्हणजे साध्या मिठाच्या घटकांचा असतो. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियम येतात. मातीचा खारटपणा मात्र वजनाने न मोजता विद्युतवाहकतेने मोजतात, कारण पाण्यात जितके आयन जास्त तितकी वीज सहज वाहते. माती पाण्याने संपृक्त करून काढलेल्या अर्काची वाहकता मीटरला ४ डेसिसिमेन्सपेक्षा जास्त भरली की ती जमीन खारवट समजतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० डेसिसिमेन्सच्या आसपास असते.

प्रयोगशाळेत मिठाचे प्रमाण मिलिमोलमध्ये सांगण्याची पद्धत आहे. १०० मिलिमोल म्हणजे लिटरमागे सुमारे ५.८ ग्रॅम मीठ. लिटरमागे सुमारे २०० मिलिमोल मीठ असलेल्या परिस्थितीत जी वनस्पती आपले जीवनचक्र पूर्ण करू शकते तिला लवणवनस्पती म्हणावे, ही व्याख्या आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. या कसोटीला उतरणाऱ्या जाती जगातील सपुष्प वनस्पतींच्या एक टक्क्याच्या आसपासच आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील तिवर, कांदळ, चिप्पी हे खारफुटीचे वृक्ष, वाळूवर पसरणारी मर्यादवेल, तसेच सॅलिकॉर्निया आणि सुएडा या मांसल झुडपांचा त्यांत समावेश होतो.

बियांच्या दृष्टीने एक बाब फार महत्त्वाची आहे. मातीतील पाणी उन्हाने वर खेचले जाते आणि पृष्ठभागावर त्याची वाफ होते. मीठ मात्र तिथेच मागे राहते. त्यामुळे कोरड्या ऋतूत वरच्या एक-दोन सेंटिमीटर थरात मीठ साठत जाते. काही खाजणांत आणि खाऱ्या पटांगणांत उन्हाळ्यात हा थर समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट होतो. वाढलेल्या झाडाची मुळे खोल, तुलनेने सौम्य थरात असतात. बी मात्र नेमके त्या वरच्या थरात पडलेले असते. एकाच जागी उभे असलेले झाड आणि त्याच्या बुंध्याशी पडलेले बी यांना सोसावा लागणारा खारटपणा म्हणून सारखा नसतो.

बी उगवते कसे

अंकुरण तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कोरडे बी पाणी शोषून फुगते. दुसऱ्या टप्प्यात पाण्याचे शोषण जवळपास थांबते, पण आत कामाला वेग येतो: श्वसन सुरू होते, सुकलेल्या काळात बिघडलेल्या पेशींची दुरुस्ती होते, विकरे तयार होतात आणि साठवलेले स्टार्च, प्रथिने व तेल यांचे विघटन होऊ लागते. तिसऱ्या टप्प्यात मूलांकुराच्या पेशी लांबतात, मूलांकुर बीजावरण फोडून बाहेर येतो आणि पाण्याचे शोषण पुन्हा वाढते.

कोरड्या बियाची पाणी ओढण्याची ताकद प्रचंड असते. वनस्पतिशास्त्रात ती जलविभव या राशीने सांगतात. शुद्ध पाण्याचे जलविभव शून्य मानले जाते, आणि एखादी वस्तू जितक्या जोराने पाणी ओढते तितका तिचा आकडा शून्याच्या खाली जातो. समुद्राच्या पाण्याचे जलविभव सुमारे उणे २.५ मेगापास्कल असते, तर कोरड्या बियाचे उणे १०० मेगापास्कलच्याही खाली असू शकते. या प्रचंड फरकामुळे समुद्राच्या पाण्यात टाकलेले बीसुद्धा पहिल्या टप्प्यात पाणी शोषते आणि फुगते. अडचण पुढे येते. बी जवळपास भिजले की त्याची ओढ कमी होते, बाहेरच्या खाऱ्या पाण्याची ओढ मात्र तशीच राहते. तिसऱ्या टप्प्यासाठी मूलांकुराच्या पेशींना आणखी पाणी हवे असते, कारण आतून दाब आल्याशिवाय पेशीची भित्ती ताणली जात नाही. हे पाणी न मिळाल्यास बी फुगलेल्या अवस्थेत दुसऱ्या टप्प्यातच अडकून पडते.

मिठाचे दोन परिणाम

मीठ बियाला दोन वेगळ्या मार्गांनी अडवते. पहिला मार्ग तर्षणाचा. पाणी सौम्य द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे जाते, म्हणून बाहेरचे द्रावण तीव्र असले की बियाला पाणी मिळणे कठीण होते. शेतातील सर्वसाधारण पिके उणे १.५ मेगापास्कलच्या आसपास कायमची कोमेजतात. समुद्राचे पाणी याहून बरेच खाली आहे. आजूबाजूला पाणी असूनही बी दुष्काळात असते.

दुसरा मार्ग विषारीपणाचा. सोडियम आणि क्लोराइड बियात शिरले की पेशींतील पोटॅशियमचा तोल ढळतो, विकरांचे काम मंदावते, पेशीपटले सैल होतात आणि पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे वाढतात. स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे मंदावली की गर्भाला वेळेवर अन्न मिळत नाही. याच वेळी संप्रेरकांचा तोलही बदलतो. बी सुप्त ठेवणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाचा प्रभाव वाढतो आणि अंकुरणाला चालना देणाऱ्या जिबरेलिनाचा घटतो.

हे दोन परिणाम वेगळे ओळखण्यासाठी एक सोपा प्रयोग केला जातो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पदार्थाचे मोठे रेणू पाण्याचे जलविभव खाली आणतात, पण बियात शिरत नाहीत. सारख्याच जलविभवाची दोन द्रावणे घेतात, एक मिठाचे आणि दुसरे या पदार्थाचे. दोन्हींत उगवण सारखीच घटली तर कारण तर्षणाचे. मिठात ती अधिक घटली आणि नंतर गोड्या पाण्यातही बी उगवले नाही तर विषारीपणाचा पुरावा मिळतो. काही लवणवनस्पतींमध्ये याच्या उलट आढळले आहे: त्यांचे बी ग्लायकॉलच्या द्रावणापेक्षा मिठाच्या द्रावणात अधिक उगवते. बियात शिरलेले थोडे आयन आतील द्रावण तीव्र करतात आणि त्यामुळे बियाला बाहेरचे पाणी ओढता येते. विशिष्ट प्रमाणापर्यंत या वनस्पती मिठाचाच उपयोग पाणी मिळवण्यासाठी करतात.

लवणवनस्पतीचे बीही मिठाला का अडते

वाढलेली लवणवनस्पती समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जगते, तर तिचे बी का अडखळते? याचे उत्तर पेशींच्या रचनेत आहे. १९७२ साली ग्रीनवे आणि ऑस्मंड या शास्त्रज्ञांनी लवणवनस्पतींतील विकरे वेगळी काढून परीक्षानळीत तपासली. ही विकरे साध्या पिकांच्या विकरांइतकीच मिठाला नाजूक निघाली. लवणवनस्पतींची सहनशीलता विकरांमध्ये नव्हती. मीठ विकरांपासून दूर ठेवण्याच्या व्यवस्थेत होती.

वाढलेल्या पेशीत ही व्यवस्था रिक्तिकेकडे असते. पेशीचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या या मोठ्या पिशवीत सोडियम आणि क्लोराइड ढकलले जातात. बाकीच्या पेशीद्रवात ग्लायसिन बीटेन किंवा प्रोलिन यांसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवून दोन्ही बाजूंचा तोल राखला जातो. तिवरासारखी झाडे याखेरीज पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतात. बियातील गर्भाकडे यांपैकी बरेच काही नसते. त्याच्या पेशी लहान असतात, मोठी मध्यवर्ती रिक्तिका अजून तयार झालेली नसते आणि जी लहान रिक्तिका असतात त्यांत प्रथिने साठवलेली असतात. पाने नसल्याने मीठ बाहेर टाकण्याची सोयही नसते. मीठ आत आले तर ते ठेवायला जागा नाही, अशी ही अवस्था आहे. म्हणून बियासाठी सुरक्षित मार्ग उरतो तो मीठ गर्भापर्यंत कमीत कमी पोचू देण्याचा आणि परिस्थिती बरी होईपर्यंत न उगवण्याचा.

तगून राहण्याची कसोटी

बी खाऱ्या पाण्यात मरते का, हा प्रश्न चार्ल्स डार्विनने १८५५ च्या सुमारास हाती घेतला होता. बेटांवर वनस्पती कशा पोचल्या असाव्यात, हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्याने अनेक जातींचे बी समुद्राच्या पाण्यासारख्या द्रावणात ठेवले. ८७ जातींपैकी ६४ जातींचे बी २८ दिवस बुडून राहिल्यावरही उगवले आणि काही थोड्या जातींनी १३७ दिवस तग धरला. या प्रयोगात बागेतली आणि शेतातली साधी झाडेही होती. खाऱ्या पाण्यात न उगवणे आणि मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रयोगांतून दिसले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाचे अर्विन उंगर आणि कराची विद्यापीठाचे एम. अजमल खान यांनी लवणवनस्पतींच्या बीजांकुरणावर दीर्घकाळ काम केले. या अभ्यासांतून एक ठरावीक पद्धत रूढ झाली. टिपकागद घातलेल्या काचेच्या बशांमध्ये वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बी ठेवतात आणि सुमारे वीस दिवस रोजच्या रोज किंवा दिवसाआड उगवलेले बी मोजतात. त्यानंतर न उगवलेले बी धुऊन शुद्ध पाण्यात ठेवतात आणि आणखी काही दिवस निरीक्षण करतात. या दुसऱ्या फेरीत उगवलेल्या बियांच्या प्रमाणाला पुनरंकुरण म्हणता येईल. तरीही न उगवलेल्या बियांचे गर्भ टेट्राझोलियम या रसायनात ठेवून पाहतात. गर्भ जिवंत असेल तर तो लाल रंगतो.

साध्या पिकांचे बी तीव्र खाऱ्या द्रावणात राहिल्यावर पुष्कळदा सडते किंवा गोड्या पाण्यात अशक्त रोप देते. लवणवनस्पतींच्या अनेक जातींत पुनरंकुरण भरपूर असते आणि ते झपाट्याने होते; दीर्घकाळ थोपवलेले बी गोडे पाणी मिळताच एक-दोन दिवसांत उगवू लागते. कारण अंकुरणाची बरीचशी पूर्वतयारी दुसऱ्या टप्प्यात होऊन गेलेली असते. मीठ काढल्यावर केवळ पाणी येण्याचीच वाट असते. लवणवनस्पतींना साध्या वनस्पतींपासून वेगळे करणारा सर्वांत स्पष्ट गुण म्हणून या क्षमतेकडे पाहिले जाते.

जातीजातींमधील फरक

खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या जातींमध्ये मर्यादांचा पल्ला फार मोठा आढळतो. किनाऱ्याच्या वाळूत वाढणारे हॅलोपायरम म्युक्रोनॅटम हे गवत ३०० मिलिमोलच्या आसपास थांबते. सुएडा फ्रुटिकोसाचे काही बी ५०० मिलिमोलपर्यंत, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्यात, उगवते. अमेरिकेतील खाऱ्या पटांगणांवर वाढणाऱ्या सॅलिकॉर्निया रुब्राचे थोडे बी १००० मिलिमोलमध्येही उगवल्याची नोंद आहे. हे प्रमाण लिटरमागे सुमारे ५८ ग्रॅम भरते, समुद्राच्या पाण्याच्या दीडपटीहून जास्त. सर्वसाधारणपणे मांसल खोडाची झुडपे अंकुरणात सर्वांत सहनशील, तर खारी गवते त्यांच्या मागे असतात. गवते पुष्कळदा जमिनीखालच्या खोडांनी पसरतात, त्यामुळे त्यांना दर वर्षी बियांवर अवलंबून राहावे लागत नाही.

वार्षिक आणि बहुवार्षिक जातींमध्येही फरक पडतो. वार्षिक वनस्पतीला दर वर्षी बियांपासूनच नव्याने सुरुवात करावी लागते. एका वर्षी सगळे बी एकदम उगवले आणि पुन्हा मीठ वर चढले तर त्या जागची पूर्ण पिढी नष्ट होते. या धोक्यावर काही जातींनी दोन प्रकारचे बी तयार करण्याचा उपाय साधला आहे. सॅलिकॉर्निया युरोपियाच्या तीन फुलांच्या गुच्छात मधल्या फुलाचे बी मोठे असते आणि बाजूच्या दोन फुलांचे लहान. उंगर यांच्या अभ्यासात मोठे बी लवकर आणि जास्त मिठात उगवणारे, तर लहान बी सुप्त राहणारे आणि थंडी व प्रकाशाच्या प्रतीक्षेत थांबणारे आढळले. उत्तर चीनमधील सुएडा साल्सा या जातीत तपकिरी बी आणि काळे बी असे दोन प्रकार आहेत. तपकिरी बियाचे आवरण मऊ असते आणि ते लवकर उगवते. काळ्या बियाचे आवरण कठीण असून ते मातीत साठून राहते. वर्ष चांगले निघाले तर पहिल्या प्रकारच्या रोपांना वाढीसाठी जास्त काळ मिळतो, आणि वाईट निघाले तर दुसरा प्रकार वंश राखतो.

ऊन, थंडी, प्रकाश आणि मिठाची जात

मिठाचा परिणाम तापमानापासून वेगळा काढता येत नाही. गोड्या पाण्यात जे बी तापमानाच्या मोठ्या पल्ल्यात उगवते, तेच खाऱ्या पाण्यात फक्त अनुकूल तापमानाच्या अरुंद पट्ट्यात उगवते. प्रतिकूल तापमानात मिठाची मर्यादा खाली उतरते. निसर्गात याचा मेळ ऋतूशी बसलेला दिसतो. समशीतोष्ण प्रदेशातील खाऱ्या दलदलींत सॅलिकॉर्निया वसंताच्या सुरुवातीला उगवते, कारण बर्फ आणि पाऊस यांच्या पाण्याने तेव्हा माती सौम्य झालेली असते व हवाही थंड असते. अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर हीच संधी मोसमी पावसात मिळते. तेव्हा तापमान थोडे उतरते आणि वरच्या थरातील मीठ धुऊन जाते.

लहान बियांच्या अनेक जातींना उगवण्यासाठी प्रकाश लागतो. बी लहान म्हणजे अन्नसाठा थोडा, त्यामुळे खोल गाडलेल्या बियाचा कोंब पृष्ठभागापर्यंत पोचू शकत नाही. प्रकाशाची अट असल्यामुळे गाडलेले बी न उगवता साठ्यात राहते. काही जातींत मीठ वाढल्यावर ही गरज अधिक तीव्र होते.

मीठ कोणते, यानेही फरक पडतो. शुद्ध मिठाच्या द्रावणापेक्षा तितक्याच तीव्रतेचे समुद्राचे पाणी पुष्कळदा कमी हानिकारक ठरते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम पेशीपटले मजबूत ठेवते आणि सोडियमचा विषारीपणा काही अंशी कमी करते. याउलट, सोडियम कार्बोनेट असलेल्या चोपण जमिनीत खारटपणाला अल्कधर्मी गुणाची जोड मिळते आणि अंकुर अधिक सहज जळतो.

प्रयोगशाळेत जिबरेलिक आम्ल, कायनेटिन, इथेफॉन, नायट्रेट, थायोयुरिया, प्रोलिन किंवा बीटेन दिल्यास काही जातींचे बी खाऱ्या द्रावणातही उगवते. याचा अर्थ असा की त्या जातींत मिठाने निर्माण केलेली अडचण बऱ्याच अंशी संप्रेरकांमार्फत काम करते. मात्र एका जातीत उपयोगी पडलेले रसायन दुसऱ्या जातीत निष्प्रभ ठरू शकते.

फळाच्या आवरणातील मीठ

काही वनस्पतींमध्ये उगवण रोखणारे मीठ मातीतून न येता झाडाकडूनच आलेले असते. अ‍ॅट्रिप्लेक्स या झुडपांच्या फळाभोवती दोन सहपत्रे असतात आणि त्यांत भरपूर मीठ साठते. ऑस्ट्रेलियातील एन. सी. डब्ल्यू. बीडल यांनी १९५२ साली पाच जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सहपत्रे जोवर अंगावर असतात तोवर त्यांतील मीठ बी उगवू देत नाही. हलकी सर पडली तर मीठ विरघळते, पण बियाच्या भोवतीच राहते. जोरदार पाऊस झाला तरच ते वाहून जाते. रोप जगण्याइतका ओलावा जमिनीत मुरला आहे की नाही, याची खूण बियाला अशा रीतीने मिळते. गर्भ मात्र या मिठापासून बराच सुरक्षित असतो; लवणवनस्पतींच्या बियांत मिठाचा मोठा भाग आवरणांत राहतो आणि गर्भात त्याचे प्रमाण कमी असते.

मर्यादवेलीने वेगळा मार्ग घेतला आहे. तिच्या बियाचे कठीण आवरण पाणी आत शिरू देत नाही. असे बी समुद्रावर दीर्घकाळ तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. वाळूच्या घर्षणाने आणि ऊन-पावसाने आवरणाला चिरा गेल्या की पाणी आत शिरते आणि उगवण सुरू होते. येथे मीठ गर्भापर्यंत पोचतच नाही.

झाडावरच उगवणाऱ्या खारफुटी

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बियाला मीठ उतरण्याची वाट पाहणेही अवघड असते. चिखल दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जातो, त्यात ऑक्सिजन फार थोडा असतो आणि सुटे बी लाटांबरोबर वाहून जाते. कांदळ आणि त्याच्या कुळातील ब्रुगिएरा, सेरिओप्स व कँडेलिया या प्रजातींमध्ये सुप्तावस्था जवळजवळ नाहीच. फळ झाडावर असतानाच गर्भ वाढू लागतो, त्याचा अधराक्ष फळ फोडून बाहेर येतो आणि शेंगेसारखा खाली लोंबतो. याला जरायुज अंकुरण म्हणतात. रायझोफोरा म्युक्रोनाटा या कांदळात ही रोपशेंग ३० ते ७० सेंटिमीटर लांब होते आणि अनेक महिने झाडाला लटकून राहते.

या काळात रोपाला पाणी आणि अन्न मातृवृक्षाकडून मिळते. मातृवृक्षाच्या पानांत मीठ पुष्कळ असले तरी रोपशेंगेत ते कमी असते, कारण दोघांच्या मधल्या ऊतींतून मीठ मोजकेच पुढे जाते. अंकुरणाची सर्वांत नाजूक अवस्था अशा रीतीने झाडाच्या आश्रयाने पार पडते. गळून पडताना रोप मोठे, अन्नसाठ्याने भरलेले आणि मीठ सहन करण्याची यंत्रणा बऱ्याच अंशी तयार झालेले असते. चिखलात रुतले की ते थोड्याच दिवसांत मुळे धरते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी, लीला भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरील खारफुटींच्या शरीरक्रियांचा अभ्यास केला आणि त्यात अंकुरणाचाही विचार केला. भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्या कामांत त्याची गणना होते.

तिवर आणि काजळा यांच्यात ही क्रिया अर्ध्यावर थांबते. गर्भ झाडावरच वाढतो, पण फळ फोडून बाहेर येत नाही. तिवराचे फळ पाण्यात पडल्यावर त्याची पातळ साल गळते आणि आतील जाड दलिका उलगडतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तिवराची फळे पावसाळ्यात पिकतात आणि गळतात, म्हणजे नद्यांच्या पुराने खाडीचे पाणी सर्वांत गोड असते त्याच दिवसांत. चिप्पीची तऱ्हा नेहमीच्या झाडांसारखी आहे. तिच्या गोल फळात अनेक लहान बिया असतात आणि त्या चिखलात पडल्यावरच उगवतात. त्यामुळे खाडीच्या पाण्याचा गोडेपणा चिप्पीच्या बियांना अधिक निर्णायक ठरतो.

अंकुरानंतर

मूलांकुर बाहेर आला म्हणजे धोका टळला असे नाही. बीजांकुरणाची सहनशीलता आणि रोपाची सहनशीलता एकमेकींपासून स्वतंत्र असतात. पिकांमध्ये हा भेद स्पष्ट दिसतो. साखरबीट हे समुद्रकाठच्या रानटी बीटपासून आलेले पीक वाढल्यावर मीठ चांगले सोसते. मातीची वाहकता ७ डेसिसिमेन्सपर्यंत गेली तरी उत्पन्न घटत नाही. उगवणीच्या वेळी मात्र ती ३ च्या आत असावी लागते. भाताचे उलट आहे. भाताचे बी बऱ्यापैकी खाऱ्या पाण्यात उगवते, पण दोन-तीन पानांचे रोप आणि पुढे फुलोरा या दोन अवस्थांत ते फार नाजूक असते.

कोकणातील खारजमिनींच्या शेतीत हे ज्ञान पिढ्यानपिढ्या वापरात आहे. पावसाच्या पहिल्या सरींनी खाचरातील मीठ विरघळते आणि पाण्याबरोबर उघाडीतून, म्हणजे बांधातील दारातून, खाडीत सोडले जाते. जमीन पुरेशी धुतली गेल्यावरच पेरणी होते. रहू पद्धतीत भाताचे बी गोड्या पाण्यात भिजवून मोड आणतात आणि मोडाचे बी चिखलात फेकतात. अंकुरणाचा टप्पा खाऱ्या मातीबाहेर पार पडतो. काळा राता आणि भुरा राता ही कोकणातील जुनी क्षारसहनशील भाते, गोव्याच्या खाजनांतील कोरगुट आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून आलेले पनवेल मालिकेतील वाण या शेतीचा आधार आहेत. ही भाते लवणवनस्पती नव्हेत, पण मीठ उतरण्याची संधी साधण्याचे तंत्र तेच आहे.

उपयोग

समुद्राच्या पाण्यावर पीक घेण्याच्या प्रयत्नांत सॅलिकॉर्नियाला मोठे स्थान मिळाले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ॲरिझोना विद्यापीठातील एडवर्ड ग्लेन आणि सहकाऱ्यांनी सॅलिकॉर्निया बिगेलोव्हीचे पीक समुद्राच्या पाण्यावर वाढवून त्याचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध केले. तिच्या बियांत सुमारे ३० टक्के तेल असते. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि समुद्री रसायने संशोधन संस्थेने आपल्या किनाऱ्यावरील सॅलिकॉर्निया ब्रॅकिएटापासून वनस्पतिजन्य मीठ तयार करण्याचे तंत्र विकसित केले. अशा प्रत्येक पिकात सारखी उगवण मिळवणे हा पहिला प्रश्न असतो, कारण रानटी जातींचे बी टप्प्याटप्प्याने उगवते आणि शेतीला ते एकदम उगवलेले हवे असते. सुरुवातीचे पाणी गोडे देणे, बी आधी भिजवून सुकवणे किंवा रोपवाटिकेत रोपे तयार करणे हे त्यावरचे नेहमीचे उपाय आहेत.

खारफुटीच्या पुनर्लागवडीतही हाच विचार लागू पडतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केल्यानंतर किनाऱ्यावर रोपवाटिका उभ्या राहिल्या. कांदळाची रोपशेंग थेट चिखलात खोचता येते, तिवराची फळे पावसाळ्यात गोळा करून लगेच लावावी लागतात, कारण ती फार दिवस टिकत नाहीत, आणि चिप्पीच्या बियांसाठी कमी खारट पाण्याचे वाफे लागतात. जातीचा अंकुरणाचा स्वभाव न पाहता केलेली लागवड वाया जाते.

खाऱ्या जमिनीसाठी वनस्पती निवडताना वाढलेले झाड किती मीठ सोसते, एवढेच पाहून भागत नाही. तिचे बी किती मिठापर्यंत उगवते, न उगवता किती काळ जिवंत राहते आणि त्या जागी मातीचा वरचा थर कोणत्या आठवड्यांत सौम्य होतो, या तीन गोष्टी तपासून पेरणीची वेळ ठरवावी. पश्चिम किनाऱ्यावर ही वेळ पावसाळ्यातील मोजक्या आठवड्यांचीच असते, आणि ती चुकली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते.